लाइट मधेच का बंद होते?

घरातल्या ऑटोमेशनबद्दल (सेन्सर बघून लाइट-पंखे आपोआप चालवणारे रूल) सगळ्यात कॉमन तक्रार हीच, की माणूस खोलीत बसलेला असतो आणि लाइट जाते. बरेच जण लगेच सेन्सरला शिव्या घालतात, पण अर्ध्या वेळा घोळ रूलमध्ये असतो.

होम असिस्टंट या स्मार्ट होम सॉफ्टवेअरचं घ्या. तिथे ऑटोमेशनचा डीफॉल्ट मोड असतो 'सिंगल', म्हणजे हालचाल दिसली, लाइट लागली, 5 मिनिटांचा डिले सुरू झाला आणि त्या 5 मिनिटांत तुम्ही कितीही हातवारे केलेत तरी नवीन ट्रिगर (रूल सुरू करणारा इशारा, इथे हालचाल) सरळ दुर्लक्षित, वेळ संपली की अंधार. मोड 'रीस्टार्ट' करा, मग प्रत्येक नव्या ट्रिगरला डिले पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. एका शब्दाचा बदल आहे हो!

अर्थात पीआयआर (इन्फ्रारेड) सेन्सरला हलणारी उष्णताच कळते, त्यामुळे पुस्तक घेऊन शांत बसणाऱ्याला तो धरतच नाही, तिथे एमएमवेव्ह (रडारवर चालणारा सेन्सर) लावा, त्याला श्वासाची हालचालसुद्धा कळते (कधीकधी पंख्यालाही माणूस समजतो, तो भाग वेगळा).

बाथरूमच्या एक्झॉस्टला एकच आकडा देऊ नका. 65 टक्के आर्द्रतेला चालू आणि 65 लाच बंद ठेवलंत तर तो चालू-बंद, चालू-बंद करत बसेल. 70 ला चालू, 60 ला बंद, मधे गॅप हवीच.

आणि लाइट लावायला 'सूर्यास्तानंतर' ही अट मला तरी फारशी पटत नाही, ढगाळ दुपारी तिचा काय उपयोग? लक्स सेन्सर (उजेड मोजणारा) असेल तर सरळ तोच वापरा.