मसुद्यातलं एक वाक्य

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी जनसंपर्काचं काम पाहते. वर्तमानपत्रांना जाणारी प्रेसनोट असो की कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा निरोप, सगळं आमच्या छोट्या विभागातून जातं. पावसाळ्यातल्या एका नाइट शिफ्टला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात त्या विभागात, डाय (पत्र्याला आकार देणारा जड साचा) बदलताना अपघात झाला आणि एका कंत्राटी कामगाराचा जीव गेला. मला फोन आला तेव्हा उजाडलं नव्हतं. गेटवर पोचले तोवर फर्स्ट शिफ्टच्या बसेस यायला लागल्या होत्या.

माझी सहकारी माझ्याआधीच आली होती. मुलगी हुशार आणि कामाला चपळ. तिने चॅटजीपीटीकडून कामगारांसाठी नोटीस आणि घरच्यांसाठी शोकपत्र तयार करून ठेवलं होतं. भाषा स्वच्छ होती. प्लांट हेडनी वाचून पसंतीही दिली होती.

नोटिशीत एका वाक्यापाशी मी अडले. ‘कंपनीने सर्व सुरक्षा नियमांचे काटेकोर पालन केले होते.’ मी तिला विचारलं, “हे कुणी सांगितलं?” तिने आपण काय टाइप केलं होतं ते दाखवलं. नाइट शिफ्टला अपघात झाला, एक कामगार दगावला, सहानुभूतीने लिहिलेली नोटीस हवी, इतकंच. नियमांबद्दल त्यात अक्षरही नव्हतं.

आपल्या प्रेस शॉपमध्ये रात्री काय झालं हे त्या यंत्राला कळायला मार्ग नाही. आजवर माणसांनी लिहिलेल्या प्रचंड मजकुरावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे ते ठरवत जातं. आणि अपघातानंतर कंपन्या आजवर काय लिहीत आल्या? नेमकं हेच. ते वाक्य यंत्राच्या मनातलं नव्हतं, आमच्या व्यवसायाची जुनी सवय होती. फरक इतकाच, की पूर्वी असं वाक्य लिहिताना निदान एखाद्याचा हात थबकायचा.

पोलिसांचा पंचनामा चालू होता. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी यायचे होते. डाय उचलणाऱ्या क्रेनची साखळी शेवटची कधी तपासली होती, हे त्या घडीला कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर हे घडलं ती नाइट शिफ्टची मंडळी अजून कँटीनमध्येच बसून होती. ती नोटीस त्यांनी वाचली असती, तर आमच्या पुढच्या कुठल्याही कागदावर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

“साहेब, हे वाक्य काढावं लागेल,” मी म्हणाले. त्यांना घाई होती, ती मला समजतही होती. मी त्यांना एअर कॅनडा या विमान कंपनीचं प्रकरण सांगितलं. आजी वारल्यावर तिकीट काढणाऱ्या एका प्रवाशाला त्यांच्या चॅटबॉटने सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला. २०२४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. प्लांट हेडनी वाक्य खोडलं.

खरी अडचण पुढेच होती. “घरी कळवलंय,” ठेकेदार म्हणाला. मी खोदून विचारलं, तेव्हा त्याने भोसरीतल्या चुलतभावाला फोन केल्याचं कळलं. बायको नांदेड जिल्ह्यातल्या गावी होती आणि तिला काहीच माहीत नव्हतं. आमचा निरोप ग्रुपवर पडला असता, तर शेजारच्या कुणाच्या तरी मोबाइलवरून तो तिच्यापर्यंत आमच्याआधी पोचला असता. त्याच्या खोलीवर राहणारा गावाकडचा एक जण मला म्हणाला, “मॅडम, वहिनीला फोनवर सांगू नका. तिचा भाऊ तालुक्याला असतो. त्याला घरी पोचू द्या.” हे शहाणपण कुठल्याही मसुद्यात नव्हतं.

मग आम्ही सगळं लेखी थांबवलं. पत्रकारांचे फोन आले त्यांना मी सांगितलं, की एक कामगार मृत्युमुखी पडला आहे, नाव घरच्यांना कळल्यावर देऊ. बहुतेकांनी ते मानलं. प्लांट हेड स्वतः गेटवर उभे राहिले आणि आत येणाऱ्यांशी तोंडी बोलले. त्यांना बोलणं जड जात होतं, आणि कामगार ते शांतपणे ऐकत होते.

दुपारी नोटीस लागली. काय झालं, कुठे झालं, प्रेस शॉप बंद आहे, चौकशी कोण करणार आणि काय अजून माहीत नाही, एवढंच तिच्यात ठेवलं. ‘आपल्या कुटुंबातील सदस्य’ हे शब्द मी काढले. जिवंतपणी त्याचा पास वेगळ्या रंगाचा होता. गेल्यावर त्याला कुटुंबात घेणं त्याच्यासोबतच्या कंत्राटी मुलांना झोंबलं असतं. शोकपत्रातल्या ‘शक्य ती सर्व मदत’च्या जागी ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, माहिती घातली: कामावर मृत्यू झाला तर अवलंबितांना सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के दराने निवृत्तिवेतन मिळतं, त्याला कोणते कागद लागतात, आणि एचआरमधला कोणता माणूस ते घ्यायला गावी येईल. नोटिशीचं हिंदी मात्र त्याच यंत्राकडून करून घेतलं आणि प्रेस शॉपमधल्या बिहारच्या फिटरकडून वाचून घेतलं. अशा कामाला ते उपयोगी आहे आणि मी ते रोज वापरते.

संध्याकाळी त्या कामगाराच्या बायकोच्या भावाचा फोन आला. “ताई, नेमकं झालं काय?” डाय उचलताना अपघात झाला, कारण अजून कळलेलं नाही, साखळी तपासायला नेली आहे, असं मी त्याला सांगितलं. उद्या अकरा वाजता मीच फोन करीन, म्हटलं. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत नवीन काहीच कळलं नव्हतं. मी फोन केला आणि तेच सांगितलं. पुढचा फोन कधी करणार, तेही ठरवून घेतलं.