गाडीचा कलर आणि नंतर विकायची गोष्ट

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात कोणी नवी गाडी घेतोय म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, पांढरीच घे रे, विकताना त्रास नाही. बोअर आहे पण खरंय, भारतात सगळ्यात जास्त खप पांढऱ्याचाच, म्हणजे सेकंडहँडला गिऱ्हाईक पण त्याचंच जास्त, शिवाय बडोद्याच्या मे महिन्यात ती काळीपेक्षा कमी तापते हा बोनस. फक्त पर्ल व्हाइट, म्हणजे मोत्यासारखा चमकणारा पांढरा, घेताना जरा विचार करा, त्यात रंगाचे थर जास्त असतात, एक दरवाजा परत रंगवला तरी शेड जुळवणं अवघड, आणि शेड वेगळी दिसली की घेणारा लगेच विचारतो, ठोकली होती का?

सिल्वर, ग्रे पण सेफ, धूळ लपते. काळी भारी दिसते हो, पण कोरड्या फडक्याने पुसून पुसून बारीक ओरखडे पडतात आणि उन्हात ते सगळे दिसतात. साधा लाल फिका पडतो. ऑरेंज वगैरे आवडत असेल तर खुशाल घ्या, पण मग दहा वर्षं स्वतःच चालवा.

गाडीच्या आतला रंग बेज असेल तर शोरूममध्ये मस्त, मोकळं वाटतं. मग जीन्सचा निळा डाग, पोरांचे चिखलाचे बूट, सांडलेली सेव-उसळ! मी तरी काळं किंवा डार्क ग्रेच घेईन, तापतं म्हणून सनशेड लावायची.

आणि हो, नंतर गाडीचा रंगच बदलला तर आरसीत नोंद करून घ्या, नाहीतर ट्रान्सफरच्या वेळी आरटीओत गाडी अडकते.