परिच्छेद सहा

आदेश वाचायला दोन मिनिटंही लागली नाहीत. वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत. दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ७, रूल १०. आजींनी माझा कोट ओढला. "जिंकलो का गं?"

मुंबईत घराचा ताबा मागायचा तर आधी समोरचा माणूस तुमचा कोण, हे ठरवावं लागतं. भाडेकरू किंवा परवानाधारक, म्हणजे तुमच्या परवानगीने राहणारा असेल, तर धोबी तलावचं लघुवाद न्यायालय, त्याचा कायदा १८८२चा. घुसखोर असेल, तर फोर्टचं शहर दिवाणी. राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली असेल, तर कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकारी. चुकीच्या इमारतीत शिरलात की सगळं मुसळ केरात.

आजींच्या दादरच्या घरात भाचा राहत होता. फुकट. वादपत्र मी टाइप केलं. परिच्छेद सहाला थांबून विचारलं, "घुसखोर लिहू?" आजी भडकल्या. "घुसखोर कसा? ताईचा मुलगा तो, मीच ठेवून घेतला त्याला." मग मी लिहिलं : 'नात्याखातर, विनामोबदला राहू दिले.' सरांनी, म्हणजे माझ्या सीनियर वकिलांनी, नजर टाकली. म्हणाले, परवानगी काढून घेतली की घुसखोरच. टाका शहर दिवाणीत.

विनामोबदला परवानाधारकही त्या १८८२च्या कायद्याच्या कलम ४१ मध्ये, म्हणजे लघुवाद न्यायालयाकडे येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. भाच्याच्या लेखी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या उत्तरात, पहिल्याच पानावर ते होतं. पण अधिकारक्षेत्राची हरकत प्रत्येक कैफियतीत असते, इतकी की आम्ही वकील ती वाचतच नाही. सरांनी वाचली नाही. मी वाचली, आणि गप्प बसले.

आजींच्या उलटतपासणीत भाच्याच्या वकिलाला एकच प्रश्न पुरला. "घरात तुम्हीच घेतलंत ना त्याला?"

"हो, मीच." ठणठणीत आवाजात. न्यायाधीश साहेबांनी उतरवून घेतलं.

मुदतीच्या कायद्याचं कलम १४ आहे, त्यामुळे या कोर्टात गेलेला काळ दाव्याच्या मुदतीतून वजा होईल, एवढाच दिलासा. साक्षीपुरावा मात्र पुन्हा पहिल्यापासून. आजी अठ्ठ्याहत्तरच्या. तेव्हा 'घुसखोर' लिहिलं असतं तरी त्या एका उत्तराने ते पडलंच असतं, असं मी स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी नाही.

धोबी तलावच्या वादपत्रात परिच्छेद सहाला मी हात लावला नाही. सही करण्याआधी आजींनी तो मोठ्याने वाचायला लावला.

"तिथेही असंच लिहिलं होतं ना?"

"हो, आजी."

"मग तिथे का नाही चाललं?"