तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं स्वस्त मिळतं तरी कुठे?

परवा भाच्याच्या मुंजीत हा प्रश्न मला तीनदा आला. एकदा जाऊबाईंकडून, एकदा त्यांच्या बहिणीकडून आणि एकदा चक्क कॅटररच्या माणसाकडून, कारण त्याच्या बायकोला तसाच कुर्ता हवा होता. लिननचा कुर्ता, टॅगवर २,७९९, मी घेतलेला ७०० ला. "खरं सांग, कुठलं दुकान आहे?" असं काहीतरी गुपित दडवल्यासारखं लोक विचारतात. तर दुकान वगैरे काही नाही हो. कुठल्याही मॉलमधल्या शोरूममध्ये सगळ्यात मागे, ट्रायल रूमच्या शेजारी, जिथे एसी नीट पोचत नाही आणि कपडे हँगरवरून निम्मे घसरलेले असतात, तो क्लिअरन्सचा, म्हणजे उरलेला माल स्वस्तात काढायचा रॅक. तिथेच.

लग्नाआधी मी दोन वर्षं ठाण्याला एका रेडीमेडच्या शोरूममध्ये फ्लोअरवर होते, म्हणून मला तो रॅक आतल्या बाजूने माहीत आहे. लोकांना वाटतं तिथे आलेला माल म्हणजे कसर लागलेला, कुणी परत केलेला, काहीतरी खोट असलेला. असतोही कधीकधी. पण बहुतेक वेळा बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच की त्याचा सेट तुटलेला असतो. म्हणजे एक डिझाइन येतं ते स्मॉलपासून डबल एक्सेलपर्यंत, त्यातले मीडियम आणि लार्ज पहिल्या पंधरवड्यात उडतात, मग उरतात दोन स्मॉल आणि एक डबल एक्सेल, आणि तेवढ्यासाठी पुढचा रॅक अडवून ठेवणं परवडत नाही कारण नव्या सीझनचे बॉक्स मागे येऊन पडलेले असतात. आम्ही त्याला कट साईज म्हणायचो. मॅनेजर म्हणायचा कट साईज मागे घ्या, की तो कुर्ता काल पुढे २,७९९ ला आणि आज मागे निम्म्या किमतीत. कापड तेच, शिलाई तीच. मी डबल एक्सेल आहे, आयुष्यात माझ्या साईजचा मला झालेला हा एकमेव फायदा.

त्यामुळे मी क्लिअरन्सला गेले की आधी किंमत बघतच नाही, वस्तू इथे का आली ते शोधते. सीझन संपला म्हणून आली, साईज संपल्या म्हणून आली, डबा चेपला म्हणून आली, नवीन मॉडेल आलं म्हणून आली, की खरंच काहीतरी बिघडलंय? कारण कळलं आणि त्या कारणाने मला फरक पडत नसेल तर घेते. कारण कळलं नाही तर ९० टक्के सूट असली तरी ठेवते परत. खोट शोधायची तर काखेतली शिवण, चेन वरखाली करून, आणि कपडा दिव्यासमोर धरून, एवढं पुरतं. बटण तुटलेलं असेल तर उलट आनंद, कारण बटण पाच रुपयांचं असतं.

वेळेचं म्हणाल तर कपड्यांचे मोठे सेल दोन, डिसेंबरअखेर ते जानेवारी आणि जूनअखेर ते जुलै. पहिल्या आठवड्यात सूट कमी पण साईज सगळ्या, शेवटच्या आठवड्यात सूट भरपूर पण रॅकवर पोपटी पँट आणि अठ्ठावीस कंबर. नवऱ्याचे ऑफिसचे शर्ट मी म्हणूनच पहिल्या आठवड्यात घेते आणि स्वतःचे शेवटच्या. स्वेटर फेब्रुवारीत (डोंबिवलीत कोण घालतंय, पण आई नाशिकला असते), रेनकोट गणपती झाल्यावर. पंचांगाचाही यात हात असतो बरं का. तामिळनाडूत आडी महिन्यात शुभकार्यं नसतात तर तिथे आडी सेल जोरात चालतो, बंगालमध्ये वर्ष संपताना चैत्र सेल लागतो. आपल्याकडे पितृपक्षात लोक नवीन घेत नाहीत, दुकानं ओस असतात आणि दुकानदाराला बोलायला वेळ असतो, म्हणून मी खुशाल पितृपक्षात घेते आणि सासूबाईंना दसऱ्याला दाखवते.

गणित मात्र करा. "५०% + २०%" म्हणजे ७०% नाही. २,००० चे आधी १,००० होतात आणि त्या १,००० वर २० टक्के, म्हणजे ८००. झाली ६०%. "दोनवर एक फ्री" म्हणजे ३३ टक्के, आणि तेही तिसरी वस्तू हवी असेल तर. माझ्या मैत्रिणीकडे फ्रीमध्ये आलेल्या सहा बेडशीट आहेत, पलंग एक.

आणि एमआरपी हा आकडा कंपनीच छापते, त्याच्या वर विकायचं नाही एवढाच त्याचा अर्थ. काही वस्तूंची एमआरपी खोडण्यासाठीच छापलेली असते असं माझं प्रामाणिक मत झालंय. म्हणून किती टक्के सूट यापेक्षा ती वस्तू एरवी कितीला जाते हे बघायचं. ऑनलाइनला तर हे फारच. मी मोठ्या सेलच्या महिनाभर आधी हव्या त्या वस्तू विशलिस्टमध्ये टाकते आणि किमतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवते. अ‍ॅमेझॉनसाठी कीपा नावाची सोय आहे, ती मागच्या किमतींचा आलेखच दाखवते, त्यात एखादा मिक्सर सेलच्या आधी हळूच वर चढून सेलच्या दिवशी मोठ्या थाटात खाली उतरलेला दिसला की फार मजा येते. अ‍ॅपवर आधी स्वतःची साईज फिल्टरला लावायची, मग किंमत कमी ते जास्त, नाहीतर तासभर स्क्रोल करून आवडलेली गोष्ट स्मॉलमध्येच निघते. "फक्त २ शिल्लक" वाचून घाबरायचं नाही. खरंच २ असतील तर जातील, जाऊ देत.

घरातल्या मोठ्या वस्तूंत मॉडेल बदललं की चांदी असते. २०२२ च्या जुलैमध्ये एसीच्या स्टारचे निकष कडक झाले, जो एसी जूनपर्यंत ५ स्टार होता तो नव्या हिशोबात साधारण ४ स्टार. दुकानदाराकडे जुन्या लेबलचे पीस पडलेले, त्याला ते काढायचे होते. लेबल कुठल्या काळासाठी आहे ते लेबलवरच छापलेलं असतं, शिवाय खाली आयएसईईआरचा (ISEER) आकडा असतो, तो जितका जास्त तितका एसी वीज कमी खातो. मी स्टार सोडून तो आकडा धरला, शेजारच्या नव्या ४ स्टारशी ताडून बघितला, आणि ४ स्टारचेच पैसे देईन म्हटलं. त्याने दोनदा मान हलवली आणि दिला.

पण हेच अंगाशीही आलंय. एका दुकानात बंद झालेल्या मॉडेलचा मिक्सर निम्म्या किमतीत मिळाला, मी विजयी मुद्रेने घरी. दीड वर्षाने चटणीच्या भांड्याचं कपलिंग गेलं. त्या मॉडेलचं कपलिंग कुठेच मिळेना, दुसऱ्याचं बसेना, सर्व्हिसवाला म्हणाला ताई नवीन घ्या. नवरा त्या मिक्सरला अजून "तुझी बचत" म्हणतो. तेव्हापासून ज्याला सुटे भाग लागतात, कुकर, मिक्सर, फिल्टर, त्याचे भाग बाजारात मिळतात का हे आधी विचारते. बूट आणि ट्रॅव्हल बॅगांबाबतही जरा जपून, फार वर्षं पडून राहिलेल्या बुटाचा सोल पहिल्याच पावसात सुटतो. टॅगवर महिना-वर्ष असतं बहुतेक वेळा, ते वाचायचं.

बदलून मिळत नाही ही क्लिअरन्सची दुसरी बाजू. आवडलं नाही म्हणून परत, हे तिथे विसरा. पण वस्तूच सदोष निघाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ती परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवस धरतात. बिलावर कितीही मोठ्या अक्षरात "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलेलं असो. मात्र दोष दाखवून, सेकंड म्हणून सांगून विकलं असेल तर भांडायला जागा नाही, म्हणून बिल घ्या आणि बिलावर काय लिहिलंय ते काउंटरवरच वाचा.

माझी आतेबहीण न्यू जर्सीला असते, ती कॉस्टको नावाच्या तिथल्या मोठ्या दुकानात किंमत ९७ सेंटवर संपलेली दिसली की थांबते, तिथे ती किंमत उतरवलेल्या मालाची खूण, आणि पाटीच्या कोपऱ्यात चांदणी असेल तर तो माल पुन्हा येणार नाही. आपल्या दुकानांतही अशा काही खुणा असतात, लाल ठिपका, कापलेला टॅग, स्टिकरवर स्टिकर. वरचं स्टिकर नखाने जरा उचलून बघायची मला सवय आहे. एकदा खालची किंमत वरच्यापेक्षा कमी निघाली होती! काउंटरवरच्या पोरीला दाखवलं तर ती माझ्यापेक्षा जास्त हसली, आणि खालच्या किमतीला दिलं.

आता दुसरा प्रश्न, जो पहिल्याच्या पाठोपाठ येतोच: "मग माझ्यासाठी आण ना एखादा." आणते हो, आणायला काही नाही. मी रॅकसमोर उभी राहून फोटो पाठवते, साईज विचारते, कुर्ता हातात धरून ठेवते. जाऊबाईंचा "अगं घे की, विचारतेस काय" तीन तासांनी येतो. तोपर्यंत मी लोकलमध्ये असते आणि तो कुर्ता तिसऱ्याच कुणाकडे.