चित्र चांगले की चांगले रंगवलेले?

‘चित्र सुंदर काढले आहे’ असे आपण मराठीत म्हणतो, तेव्हा ‘सुंदर’ हा शब्द चित्राला लागू होतो की काढण्याच्या क्रियेला, याचा निवाडा आपल्याला करावा लागत नाही. ‘तिने रेषा चांगली ओढली’, ‘त्याने रंग चांगले लावले’ या वाक्यांत तर क्रियेचे वर्णन करणारा शब्दही नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो आणि विशेषण व क्रियाविशेषण यांच्यातली सीमा जवळजवळ पुसली जाते. इंग्रजी ही सवलत देत नाही. तिथे ‘गुड’ म्हणायचे की ‘वेल’, हे तोंड उघडण्याआधी ठरवावे लागते.

‘ही पेंट्स गुड’ हे अशुद्ध आणि ‘ही पेंट्स वेल’ हे शुद्ध, एवढे शाळेत शिकवले जाते. मला महत्त्वाचे वाटते ते त्याच्या पुढचे. ‘अ गुड पेंटिंग’ आणि ‘अ वेल-पेंटेड पिक्चर’ ही दोन्ही रूपे शुद्ध असली, तरी ती दोन निरनिराळी मते आहेत. पहिल्यात संपूर्ण कलाकृतीचा निकाल असतो, तर दुसऱ्यात केवळ हाताच्या कौशल्याचा. कापडाच्या चुण्या, त्वचेचा पोत, काचेवरची चमक सारे निर्दोष उतरलेले असूनही जे चित्र आपल्याला थांबवून ठेवत नाही, त्याला ‘वेल-पेंटेड’ म्हणता येते आणि ‘गुड’ म्हणण्याचे प्रामाणिकपणे टाळताही येते. उलट, हात अडखळलेला असूनही पकड घेणारी चित्रेही असतात. हा भेद मराठीतही करता येतो, पण त्यासाठी वाक्य मुद्दाम तसे रचावे लागते.

व्यक्तिचित्राविषयी बोलताना ‘लुक’ या क्रियापदापाशी बरेच जण घसरतात. ‘शी लुक्स सॅड’ म्हणजे ती दुःखी दिसते. येथे वर्णन तिचे आहे, म्हणून विशेषण हवे. ‘शी लुक्स सॅडली ॲट द लेटर’ म्हणजे ती पत्राकडे दुःखाने पाहते. येथे वर्णन पाहण्याचे आहे, म्हणून क्रियाविशेषण हवे. ‘सीम’, ‘अपिअर’ आणि ‘फील’ यांचीही गोष्ट बहुतांशी हीच आहे. तरीही ‘ली’ लावले की भाषा अधिक सुसंस्कृत होते अशा समजुतीने ‘द पेंटिंग लुक्स ब्यूटिफुली’ असे म्हटले जाते, आणि मग चित्रच कोणाकडे तरी सुंदरपणे पाहत असल्याचा भास होतो.

शिवाय ‘ली’ने संपणारा प्रत्येक शब्द क्रियाविशेषण नसतो. ‘लाइव्हली’, ‘लव्हली’, ‘घोस्टली’ ही विशेषणे आहेत. कलेच्या चर्चेत वारंवार येणारे ‘पेंटरली’ हेही त्यांतलेच. रूपे काटेकोर बाह्यरेषेने बांधण्याऐवजी रंगाच्या डागांतून आणि छायाप्रकाशातून उभी करण्याच्या पद्धतीला हा शब्द लावतात. हाइनरिख व्योल्फ्लिन या स्विस कला-इतिहासकाराने 1915 मध्ये रेषाप्रधान आणि रंगप्रधान शैलींची जी जोडी मांडली, तिच्यामुळे तो रूढ झाला. त्यामुळे ‘अ पेंटरली सरफेस’ बरोबर आहे, पण ‘ही पेंट्स पेंटरली’ म्हणता येत नाही. तेथे ‘इन अ पेंटरली वे’ असा वळसा घ्यावा लागतो.

क्रियाविशेषणांचा खरा उपयोग होतो तो भूतकाळवाचक धातुसाधितांबरोबर: ‘थिकली अप्लाइड’, ‘लूजली पेंटेड’, ‘फाइनली ड्रॉन’, ‘डिमली लिट’. ‘ब्यूटिफुल’ आणि ‘अमेझिंग’ हे शब्द पाहणाऱ्याला काय वाटले तेवढेच सांगतात. ही जोडपी मात्र रंग जाड थराने दिला की पातळ, कुंचला मोकळा फिरला की जपून, हे सांगतात. व्हॅन गॉगच्या 1889 सालच्या ‘द स्टारी नाइट’ (ताऱ्यांची रात्र) या चित्राला ‘अमेझिंग’ म्हटल्याने त्याच्याविषयी काहीच कळत नाही. ‘थिकली पेंटेड’ म्हटले, की ऐकणारा निदान रंगाचा थर पाहायला पुढे सरकतो. रंगछटांची गोष्ट मात्र वेगळी आहे: ‘डीप ब्लू’, ‘ब्राइट रेड’ येथे ‘ली’ लागत नाही, पण ‘ब्राइटली कलर्ड’ येथे लागते.

‘इंग’ आणि ‘एड’ यांचा घोळ सर्वपरिचित आहे; चित्र ‘इंटरेस्टिंग’ असते आणि पाहणारा ‘इंटरेस्टेड’, एवढे पुरे. पण अशा एका विशेषणाने एका प्रसिद्ध चित्रावर केलेला अन्याय सांगितल्यावाचून राहवत नाही. लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयातले, डच चित्रकार फ्रान्स हाल्सने 1624 मध्ये रंगवलेले एका सव्वीस वर्षांच्या पुरुषाचे व्यक्तिचित्र ‘द लाफिंग कॅव्हेलिअर’ (हसणारा सरदार) या नावाने ओळखले जाते. हे नाव हाल्सने दिलेले नाही. ते एकोणिसाव्या शतकात चिकटले. चित्रातला माणूस हसत नाही, फार तर मिशीआडून स्मित करतो. तरी एकदा ‘लाफिंग’ वाचले, की प्रेक्षक त्याच्या चेहऱ्यावर हसू शोधत बसतो आणि भरतकामाने लखलखणाऱ्या बाहीकडे त्याचे दुर्लक्ष होते.

‘ली’ लागल्याने अर्थच पालटणारे शब्दही आहेत. ‘शी वर्क्ड हार्ड ऑन धिस कॅनव्हास’ ही दाद आहे. ‘शी हार्डली वर्क्ड ऑन धिस कॅनव्हास’ हा आरोप. ‘लेट’ला तर ‘ली’चीही गरज नाही: ‘अ लेट रेम्ब्रां’ म्हणजे त्याच्या उत्तरायुष्यातले चित्र, आणि ‘द लेट रेम्ब्रां’ म्हटले तर 1669 मध्ये वारलेल्या माणसाला कैलासवासी म्हटल्यासारखे होते.

जोर देणाऱ्या शब्दांबाबत मी थोडा कडक आहे. ‘व्हेरी युनिक’ आता सर्रास ऐकू येते, पण एकमेव असण्यात कमीअधिकपणा कसा असणार? ‘एक्सलंट’लाही ‘व्हेरी’ शोभत नाही, तिथे ‘ॲब्सोल्यूटली’ हवे. सर्वांत फसवा शब्द ‘क्वाइट’. ‘क्वाइट एक्स्ट्राऑर्डिनरी’ ही पुरेपूर स्तुती आहे, परंतु ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘क्वाइट गुड’ म्हणजे बहुधा ‘बरे आहे, ठीक’. चित्रकार समोर उभा असताना ते म्हणण्यापेक्षा ‘द हँड्स आर ब्यूटिफुली ड्रॉन’ म्हणावे, अर्थात हात खरोखरच तसे काढलेले असतील तर.