उलटं उडताना बंद पडणारं इंजिन

रेडिओवर उडणारं ते मॉडेल विमान टेबलावर आलं तेव्हा त्याची नीडल, म्हणजे इंजिनाला किती इंधन जाईल ते ठरवणारा सुईसारखा स्क्रू, साडेतीन वळणं उघडलेली होती. त्या इंजिनाला दोन-सव्वादोन वळणं पुरतात. मालकाची तक्रार सरळ होती: जमिनीवर उत्तम, सरळ उडताना ठीक, पण विमान उलटं केलं की दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद. तीनदा बंद इंजिनावर उतरवून झालं होतं. मिश्रण पेटवणारा ग्लो प्लग दोनदा बदलला होता, इंधनातला नायट्रो (नायट्रोमीथेन) 10 टक्क्यांवरून 15 वर नेला होता, आणि प्रत्येक वेळी नीडल थोडी आणखी उघडली होती.

इंजिनाच्या निवडीत चूक नव्हती, हे आधी सांगतो, कारण पहिला संशय तिच्यावरच गेला होता. दीड मीटर पंखांचं, तयार वजन 3.1 किलो असलेलं एरोबॅटिक, म्हणजे हवेत कसरती करणारं मॉडेल. आधी त्यावर 7.5 सीसीचं टू-स्ट्रोक आणि 11×6 चा (व्यास 11 इंच, पिच 6 इंच) प्रॉपेलर होता. शेपटीला स्प्रिंगकाटा बांधून ओढ मोजली तर ती तीन किलोच्या आतबाहेरच भरायची, म्हणजे सरळ वर चढताना विमान थोड्याच वेळात दमणार. मालकाला सावकाश, वेग न वाढवता चढायचं होतं. त्यासाठी मोठा प्रॉपेलर कमी फेऱ्यांवर फिरवणारं इंजिन लागतं. म्हणून 15 सीसीचं फोर-स्ट्रोक आणि 14×6 हा निर्णय योग्यच. ओढ 4.1 किलो भरली. नाकावर वाढलेल्या वजनासाठी बॅटरी मागे सरकवली होती, तेही बरोबर.

चूक बसवण्यात होती. सिलिंडर काऊलमध्ये, म्हणजे नाकावरच्या आवरणात, लपावा म्हणून इंजिन उलटं, डोकं खाली करून लावलं होतं. त्यामुळे कार्ब्युरेटर आणि नीडल खाली गेली, टाकी मात्र जुन्याच जागी.

मी मालकाला विचारलं, बंद पडण्याआधी आवाज कसा होतो? तो म्हणाला, क्षणभर चढतो आणि तुटतो. निम्मं निदान इथेच झालं. मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त असेल तर इंजिन जड होतं, गुरगुरतं, धूर सोडतं आणि मग विझतं. फेऱ्या आधी वाढून मग तुटत असतील तर इंधन कमी पडतंय. दुसरा प्रश्न: टाकी भरून विमान ठेवलं की कार्ब्युरेटरमधून इंधन ठिबकतं का? ठिबकत होतं. उलट्या सिलिंडरात असं साठलेलं इंधन धोक्याचं असतं. पिस्टनला ते दाबता येत नाही, आणि त्यावर स्टार्टर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रॉपेलर आधी हाताने दोन पूर्ण चकरा फिरवून बघायचा, अडकला तर प्लग काढून इंधन बाहेर काढायचं.

विमान घट्ट धरायला दोन माणसं घेतली, सगळे प्रॉपेलरच्या मागे. फुल थ्रॉटलवर टॅकोमीटर मिनिटाला 9,300 फेऱ्या दाखवत होता आणि धूर दाट होता. विमान हातातच उलटं केलं: 9,900, मग आचके, मग शांत.

काऊल काढून मोजलं. टाकीची मध्यरेषा नीडलच्या पातळीपेक्षा 18 मिलिमीटर वर. सरळ उडताना इंधन उतारावरून आपणहून येत होतं, उलटं झालं की तेवढाच चढ चढावा लागत होता. फरक 36 मिलिमीटरचा. बाहेरच्या लूपमध्ये, म्हणजे विमानाची पाठ बाहेरच्या बाजूला ठेवून घातलेल्या गोल चकरेत, उलटा भार चार जी (गुरुत्वाच्या चौपट) झाला तर तो 18 चा चढ 72 सारखा लागतो. असा खड्डा नीडलने भरता येत नाही. ती उघडली की सरळ उडताना इंजिन गुदमरतं, बंद केली की उलटं होताच उपाशी पडतं.

टाकीखालची प्लायची फळी कापून टाकी 14 मिलिमीटर खाली नेली. त्याखाली लँडिंग गिअरची पाटी आड येते, म्हणून 4 मिलिमीटर राहिले, ते चालतात. टाकीभोवती 10 मिलिमीटरचा फोम गुंडाळला, नाहीतर कंपनांनी इंधनाला फेस येतो.

पुन्हा चालवलं. उलटं धरल्यावर आता नीट, पण टाकी निम्मी झाल्यावर नळीत बारीक बुडबुडे. टाकीची तोंडं बंद करून, फुंकून पाण्यात बुडवली तर कुठेच गळती नाही. ही परीक्षा इथे फसते, कारण भोक टाकीच्या आतल्या क्लंकच्या (इंधनाबरोबर हलणाऱ्या वजनाच्या) लवचीक नळीला असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. ते भोक इंधनात बुडालेलं असेपर्यंत त्रास नाही. पातळी उतरून ते उघडं पडलं की हवा ओढली जाते. नळी काढून बोटांनी ताणली तेव्हा पितळी नळीच्या टोकाशी सुईएवढी चीर दिसली. कापलेल्या पितळेची धार घासलेलीच नव्हती. धार बारीक कानसीने मोडली, नवी सिलिकॉन नळी घातली आणि क्लंक मागच्या भिंतीपासून 6 मिलिमीटर अलीकडे राहील एवढीच लांब ठेवली. जास्त लांब झाली तर क्लंक मागे अडकतो, विमान उलटं झाल्यावर फिरत नाही.

मग नीडल. फुल थ्रॉटलवर बंद करत 9,900 चं शिखर गाठलं आणि परत उघडून 9,500 वर आणलं. नाक आभाळाकडे करून दहा सेकंद धरलं, फेऱ्या पडल्या नाहीत. आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी फेऱ्यांवर, इंधनाची नळी चिमटीत दाबली: इंजिन किंचित चढून तीन सेकंदांत थांबलं, म्हणजे आयडलचा स्क्रू छेडायचा नाही. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर 0.04 ते 0.10 मिलिमीटरमध्ये होती. नीडल आता दोन वळणांच्या जरा पुढे उभी होती.

उड्डाणात मालकाने विमान आधी वीस सेकंद उलटं ठेवलं, मग बाहेरचा लूप ढकलला. खालच्या वळणावर भार सगळ्यात जास्त असतो. कान तिथेच लावून होतो. आवाज हलला नाही. टाकी पाव उरेपर्यंत त्याने तोच लूप पुन्हा पुन्हा घातला.