प्रोसेसर कुठला? आधी मॉनिटर सांगा

दहावीचा निकाल लागला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोन आठवडे मला सुखाने जिना उतरता येत नाही. "काका, गेमिंग पीसी बांधायचाय. आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन?" असं पोरगा विचारतो. मागून त्याची आई विचारते, "अहो, अभ्यासालाही होईल ना तो?" आईच्या प्रश्नात मी पडत नाही. पोरगा विचारतोय ते इंटेल कंपनीच्या प्रोसेसरबद्दल. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र एकदा बैठक मारून लिहितो.

मी उलट विचारतो, मॉनिटर कुठला आहे? पोरांना वाटतं, काका विषय टाळतायत.

रांगोळीचं घ्या. एकजण ठिपके मांडतो, बाकीचे रंग भरतात. गेममध्ये ठिपके मांडणारा म्हणजे प्रोसेसर. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, भिंत पडली की नाही, हे दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, तो ठरवतो आणि काय काय रंगवायचं ते ग्राफिक्स कार्डाला सांगतो. रंग कार्ड भरतं. आता रांगोळी चौपट मोठी करा, पण ठिपके तेवढेच ठेवा. मांडणाऱ्याचं काम फारसं वाढत नाही. रंग भरणाऱ्यांचे मात्र गुडघे दुखतात. १०८०पी, म्हणजे फुल एचडी, पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात, फोर-केवर बरोबर त्याच्या चौपट. म्हणून फोर-केवर खेळणाऱ्याने महागडा प्रोसेसर घेतला, तरी बहुतेक गेममध्ये तो कार्डाची वाट बघत बसतो.

प्रोसेसरच्या चाचण्या १०८०पीवर आणि बाजारातलं सगळ्यात तगडं कार्ड लावून करतात, त्याचं कारण हेच. रंग भरणारे झटपट आटोपले तरच मांडणाऱ्यांमधला फरक दिसतो. पद्धत योग्यच आहे. फक्त त्या चाचण्यांचा तक्ता बघून पोरगा हट्ट धरतो, आणि घरी कार्ड असतं मधल्या किमतीचं.

दुसरी गोष्ट हर्ट्झची, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याची. ६० हर्ट्झच्या मॉनिटरला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांत लागते, १४४ हर्ट्झला ६.९ मध्ये. पहिली मुदत आजचा कुठलाही बरा सहा कोअरचा (म्हणजे आत सहा काम करणारे असलेला) प्रोसेसर आरामात पाळतो. दुसरी पाळताना घाम फुटतो, विशेषतः व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या गेममध्ये. तिथे रंग पातळ असतो आणि सगळा भार मांडणाऱ्यावर येतो.

जुना पीसी असेल तर घरीच तपासा. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलची संख्या, कमी करा. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) वाढले, तर कार्ड अपुरं पडत होतं. तेवढेच राहिले, तर प्रोसेसर अडवतोय (फ्रेमचा वेग मॉनिटरशी बांधून ठेवणारं व्ही-सिंक बंद करून बघा, नाहीतर मॉनिटरलाच दोष लागायचा). या पाच मिनिटांच्या उद्योगाने आमच्या विंगमधल्या दोघांचा तरी प्रोसेसरचा खर्च वाचलाय.

आय-फाइव्ह की आय-सेव्हन, हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. जुन्या बाजारात 'आय-सेव्हन पीसी' म्हणून जो मिळतो, त्यात कधीकधी २०१७चा आय७-७७०० निघतो, चार कोअरचा. २०२२चा आय५-१२४०० सहा कोअरचा आहे आणि गेममध्ये त्याला सहज मागे टाकतो. आकडा पाच की सात, यापेक्षा पिढी कुठली ते बघा.

कोअरपेक्षाही मी हल्ली कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, बघतो. मुठीत किती रांगोळी मावते, तसं आहे हे. मूठ रिकामी झाली की डब्यापर्यंत, म्हणजे रॅमपर्यंत, हात न्यावा लागतो आणि तेवढा वेळ ठिपके थांबतात. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे. नावात फक्त एक 'जी' जास्त असलेल्या ५६००जी मध्ये १६. ७८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी आहे, चिपवर कॅशचा आणखी एक थर चढवलेला. गेमिंगमधलं त्याचं नाव मुख्यतः त्या थरामुळे.

मग घ्यायचा कुठला? १०८०पी आणि मधलं कार्ड असेल तर ५६०० किंवा १२४००एफ पुरे, उरलेले पैसे कार्डात घाला. सगळंच नवीन घेणार असाल आणि नव्या प्रकारची डीडीआर५ रॅम परवडत असेल, तर मी रायझन ५ ७६०० घेईन. त्याचं एएम५ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) २०२२ मध्ये आलं आणि पुढच्या पिढीचे प्रोसेसरही त्यातच बसतात. आधीच्या एएम४ला कंपनीने असंच जपलं होतं. २०१७चे बरेच बोर्ड बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२चा ५८००एक्स३डी चालवतात. इंटेलच्या एलजीए१७००ला बारावी, तेरावी, चौदावी पिढी मिळाली आणि २०२४च्या ऑक्टोबरात सॉकेट बदललं. एक्स३डी कुणी घ्यावा? ज्याच्याकडे वेगवान मॉनिटर आणि तगडं कार्ड आधीच आहे, त्याने.

एक फजिती सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत मी तपकीर गल्लीजवळच्या एका दुकानातून १२४००एफ आणला. स्वस्त पडला म्हणून खूश होतो. कार्ड यायला चार दिवस होते. म्हटलं तोवर बोर्डाच्या एचडीएमआयवर चालवू. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच. रॅम काढून पुसली, पुन्हा बसवली, दुकानदाराला मनातल्या मनात बरंच काही बोललो. शेवटी नववीतल्या भाच्याने खोका हातात घेऊन वाचलं, "मामा, एफ म्हणजे यात ग्राफिक्सच नाहीये." चार दिवस त्याने ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलं.

बाकी किरकोळ. खोका सीलबंद घ्या. ट्रे मधला, म्हणजे खोक्याविना सुटा, घेतलात तर वॉरंटी कोण देणार ते बिलावर लिहून घ्या. रॅमच्या दोन काड्या लावा आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ती मुळातल्या संथ वेगाने चालत राहते. ६५ वॅटच्या प्रोसेसरला खोक्यातला पंखा चालतो, पण पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी तो मिक्सरसारखा ओरडतो.

आणि जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवायचा तर आधी बायोस अपडेट करावं लागतं. मधेच वीज गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो. आपल्याकडे पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात. अपडेट शुक्रवारी करा.